आत्याची झोप

माझ्या आत्याइतकं जागलेलं माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरं नसेल. यजमान गेल्यावर गिरगावातली खोली विकून ती गोडदेवला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आली आणि झोप बहुधा तिकडेच विसरली. त्याचा फायदा मात्र सगळ्यांनी घेतला. कुणाची पहाटेची ड्यूटी असो, कुणाला गावची गाडी पकडायची असो, आत्याला सांगून ठेवलं की झालं. पाणी आलं की तीच दारं वाजवायची. "उठा, पाणी आलंय! मग माझ्या नावाने खडे फोडू नका!" समोरच्या गुजराती भाभींसाठी खास हिंदी, "भाभी, उठो, नहीं तो आंघोळ कैसे करेंगा?" जायफळाचं दूध, तळपायाला तेल, उशा बदलणं, सगळं करून झालं होतं. भजन ऐकून झोप येते असं कुणी सांगितलं, तर ही गाणाऱ्याच्या चुका काढत सबंध कार्यक्रम ऐकायची.

पुढे ती विसरायला लागली. आमटीत दोनदा मीठ पडलं तेव्हा आम्ही हसलो. पण एकदा तिने भलत्याच घराचं दार वाजवलं आणि दार उघडल्यावर आपण कशाला आलो तेच तिला सांगता येईना. त्या दिवशी ती फार घाबरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप नसली तरी असं होतं. मीरा रोडला डोक्याला चुंबकाचे ठोके देऊन एक नवा उपचार करतात, खात्री नाही, पण बघा करून.

"चुंबक?" आत्या म्हणाली. "कॅसेटजवळ नेला की गाणी पुसली जातात. माझं डोकं पुसलं म्हणजे?"

जाण्याआधी तिने मला समोर बसवून पुरणाचं प्रमाण, कुलदेवाचे कुळाचार आणि नात्यातल्या कुणाकुणाशी बोलायचं नाही, हे सगळं तोंडी सांगून ठेवलं. खुर्चीत बसल्यावर यंत्र टकटक करू लागलं, तशी ती सवयीने ओरडली, "कोण आहे?"

काही आठवड्यांनी तिला झोप लागायला लागली. चुंबकाने, की रोज रिक्षातून फिरून आल्याने, देव जाणे. पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपली, त्या दिवशी तिने बिल्डिंगभर पेढे वाटले. पाणी येऊन गेलेलं कुणालाच कळलं नव्हतं, तरी पेढा घेताना कुणी तक्रार केली नाही. आम्हाला वाटलं, आता आठवणही परत येईल. ती मात्र आली नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी वरसाव्याच्या पुलाजवळून कुणा चहावाल्याचा फोन आला. "एक माताजी बैठी हैं, बटवे में आपका नंबर मिला." आत्या भलत्याच बसमध्ये बसली होती. मी धावत गेलो. बाकावर ती शांत बसली होती.

"आत्या, चल घरी."

निमूट रिक्षात बसली. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्यासाठी कशाला त्रास घेतलात? तुमची आई वाट बघत असेल. आधी तुम्ही घरी जा."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं शेवटचं सगळं आत्यानेच केलं होतं.

"जातो," मी म्हणालो.

तिचं समाधान झालं. वारा लागला तशी माझ्या खांद्यावर मान टाकून ती गाढ झोपली. बिल्डिंगचं फाटक आलं. रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

"भैया," मी हळूच म्हणालो, "जरा और आगे ले लो."