वाणातली डबी

शेजारच्या काकू बोलायच्या आधी त्यांची डबी बोलायची. कमरेला किल्ल्यांशेजारी खोचलेली, साखरेऐवजीच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची डबी. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत ती खुळखुळ ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवायची. काकू चहात दोन गोळ्या टाकायच्या आणि निवांतपणे बशीतली बालुशाही उचलायच्या. मी डोळे वटारले की म्हणायच्या, "गोळी टाकली की साखर माफ. तू नको जीव खाऊ, पुढारीण!"

मी तेव्हा नुकतीच मधुमेहाची पत्रकं वाटायला लागले होते. 'गोळीनं चहातली साखर टळते, बालुशाहीतली नाही' एवढं साधं वाक्य त्यात चार ठिकाणी ठळक केलं होतं. काकूंनी पत्रक मन लावून वाचलं, "झ्याक लिवलंय" म्हणाल्या आणि त्याच कागदावर मला गुलमंडीच्या बाजारातून आणलेली 'शुगर-फ्री' बर्फी वाढली. खोक्यावर ते दोन शब्द केवढाले. खवा आणि तूप मात्र मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. याला मी फसवणूक म्हणते. अजूनही म्हणते. काकूंचं वजन वाढत होतं, रक्तातली साखर उतरत नव्हती, आणि त्या बिचाऱ्या समजत होत्या की आपण पथ्य पाळतोय.

त्या वर्षीच्या दुष्काळात नळाला पाणी आठवड्यानं यायचं. संक्रांतीला बाकीच्यांनी वाण म्हणून प्लॅस्टिकचे मग दिले. काकूंनी प्रत्येकीच्या हातावर गोळ्यांची डबी ठेवली. "घ्या गं, गोड खा अन् बिनघोर ऱ्हा!" आईला नुकतीच साखर निघाली होती. तिनं डबी लगेच कमरेला खोचली.

उन्हाळ्यात भर दुपारी टँकरचा भोंगा वाजला. काकू घागर घेऊन अनवाणीच धावल्या, तापलेल्या नव्या डांबरी रस्त्यावरून. भांडून पाणी आणलं आणि आमच्या ओट्यावर टेकल्या. फरशीवर ओले ठसे उमटले होते. मला वाटलं, पाणी सांडलं. आईनं त्यांचा पाय उचलून पाहिला. तळव्याची कातडी सोलून निघाली होती.

"व्हय का? मला तर कायबी लागलं नाय," काकू हसल्या.

साखरेनं त्यांच्या पायांतली जाणीव केव्हाच नेली होती.

जखम चिघळली. आधी अंगठा गेला, मग पाय. दवाखान्यात आईचा हात धरून म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीला चपला वाटीन म्हणते."

"वाणात चपला? लोक नावं ठेवतील हो!"

"ठिवू दे. पाय तर ऱ्हातील त्यांचे." मग माझ्याकडं वळून, "पुढारीण, कागद मोठ्या अक्षरांत काढ. त्या बर्फीच्या खोक्यावरल्यापेक्षा मोठ्या."

दिवाळीआधी काकू गेल्या. तेराव्याला काकांनी फोटोपुढं तीच बर्फी ठेवली. "तिला ही चालायची," म्हणाले.

मी मोठ्या अक्षरांत पत्रक काढलं, दारोदार दिलं, आमच्या दारावरही चिकटवलं. संक्रांत आली. प्लॅस्टिकचे डबे वाटले गेले. चपला कुणीच वाटल्या नाहीत.

उन्हाळ्यात पुन्हा टँकरचा भोंगा वाजला. आई घागर घेऊन पत्रक चिकटवलेल्या त्याच दारातून धावली, अनवाणी. कमरेला काकूंची डबी खुळखुळत होती. मी तिच्या चपला हातात घेऊन, ओरडत, तिच्यामागं धावले.