वनिता पडायची ती जागा

भूतखेत, करणी, अंगात येणं... यांतलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. अकोल्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. वर्गात असला विषय निघाला की मी पोरांना हसायचो. आता हसत नाही, एवढाच फरक पडलाय.

ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची. नाव बदललंय – वनिता म्हणू. तिच्या सासरच्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मोर्शीपासून आठ-नऊ किलोमीटर, आजूबाजूला सगळ्या संत्र्याच्या बागा, एवढं पुरे.

सहा वर्षांपूर्वी वनिताचं पहिलं बाळंतपण झालं. सिझेरियन होतं. मुलगी झाली आणि पाच-सहा तासांतच गेली. वनिता स्वतःच दोन दिवस शुद्धीवर नव्हती. मी तिथे होतो. टॉवेलात गुंडाळलेली ती पोर मी पाहिली होती... डोक्यावर दाट जावळ होतं. वनिताचा नवरा प्रमोद आणि सासरे त्या बाळाला घेऊन गेले. कुठे, ते मी विचारलं नाही.

"हिले काई सांगू नका, धक्का बसन," तिच्या सासूबाई म्हणाल्या. मी मान डोलावली.

शुद्धीवर आल्यावर वनिताने विचारलं, तर सगळ्यांनी एकच सांगितलं – दवाखान्याच्या लोकांनीच सगळं केलं. मुलगी होती की मुलगा, हेही तिला कुणी सांगितलं नाही. "आता इचारून काय करतं?" एवढंच. दवाखान्याची फाईल प्रमोदच्या कपाटात गेली. मी मोठा भाऊ, शिकलेला माणूस. मीही गप्प राहिलो.

चार महिने माहेरी राहून ती सासरी गेली. परतल्यावर पहिल्यांदा बागेत पाय टाकला आणि त्याच दिवशी पडली. मोटरच्या खोलीच्या मागे, सहाव्या ओळीत. डोळे घट्ट मिटलेले, मान इकडून तिकडे, सगळं अंग थरथरत होतं. अर्धा तास चाललं ते. मोर्शीत मिरगीच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक शून्य. पण घरात ती कधी पडली नाही. बागेत दुसरीकडेही नाही. गवत काढायला, मोटर सुरू करायला त्या बाजूला गेली की तिथेच, दोन-चार पावलं इकडे तिकडे. आणि मोटर सुरू करायला तिलाच पाठवायचे.

अर्धं गाव म्हणे नाटक करते. उरलेलं अर्धं म्हणे त्या जागेवर काहीतरी आहे. मग भगत आणला. तिथेच बसवून मिरच्यांची धुरी दिली, कडुनिंबाच्या फोकाने मारलं. प्रमोद आणि सासरे शेजारी उभे होते. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. त्यात वनिता ओरडून राहिली होती, "मी काई करून नाई राहिली हो, मले सोडा!"

खरं सांगतो, तोवर मलाही नाटकाचाच संशय होता. म्हणजे सासरी काम नको असेल, वगैरे. व्हिडिओ पाहून मात्र मी त्याच दिवशी गेलो आणि तिला अकोल्याला घेऊन आलो.

अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याला वायरी लावून तपासणी सुरू होती, मी बाजूलाच होतो. डॉक्टरीण बाईंनी गप्पांच्या ओघात विचारलं, "बाळंतपण कसं झालं होतं?" आणि वनिता तिथे, त्या पलंगावर, थरथरायला लागली. बाग सोडून दुसरीकडे झटका येण्याची तोवरची ती एकच वेळ.

नंतर बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हा झटका मिरगीचा नाही, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. पण खोटाही नाही. याला फंक्शनल सीझर म्हणतात. ती करत नाहीये, तिला होतंय. पुष्कळ पेशंटच्या मागे काहीतरी सोसलेलं असतं. मार, भीती, एखादं दुःख... सगळ्यांच्याच असतं असं नाही. हिच्या बाळंतपणात काय झालं?"

"बाळ गेलं," मी म्हणालो. "बाकी तसं काही नाही."

तसं काही नाही! आजही हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गोळ्या हळूहळू बंद झाल्या. पंधरा दिवसांनी एकदा एसटीने अमरावतीला जाऊन समुपदेशन. वनिता माझ्या घरी आठ महिने राहिली, एकदाही पडली नाही. शिवणकाम सुरू केलं, शेजारच्या बायकांचे कपडे शिवायला यायला लागले.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती म्हणाली, "दादा, माहे शाळेचे कागद तिकडेच हायेत. घेऊन येऊ."

आम्ही सकाळी निघालो, गावात पोचायला अकरा वाजले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे वावरात आहेत. गेलो, तर बागच नव्हती. झाडांना डिंक्या रोग लागला म्हणून जेसीबीने सगळी उपटून टाकलेली. मोटरची खोली पाडलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी नांगरलेली जमीन. विहीर तेवढी लांब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. प्रमोद पलीकडच्या टोकाला होता. वनिता त्याच्याकडे निघाली, मी मागे.

अर्ध्यात ती थांबली. "दादा, मले बसू दे."

बसली... आणि आडवी झाली. तेच. मिटलेले डोळे, तीच थरथर. मी तिच्या डोक्याखाली पिशवी सरकवली. प्रमोद पळत आला आणि दहा पावलांवर थिजून उभा राहिला.

"जवाईबापू, पाणी आना!" मी ओरडलो.

तो हलला नाही. "भाऊ, इथंच हाये," तो म्हणाला.

"काय इथंच हाये?"

"लेकरू. मी न् बाबानं इथंच पुरलं होतं. झाडं काढाच्या आधी मी धुऱ्यापासून पावलं मोजून ठेवली होती. जेसीबीवाल्याले इथं खोल नाई जाऊ देलं."

पाच वर्षं. तिला तिथे धुरी देत होते तेव्हा माहीत होतं. फोकाने मारत होते तेव्हा माहीत होतं. मोजलेली पावलंही पाठ होती. मला त्याच्या अंगावर धावून जायचं होतं, पण कुठल्या तोंडाने?

वनिताची थरथर थांबली होती. ती ऐकत होती. उठून बसली, केसांतली माती झटकली आणि प्रमोदला विचारलं, "पोट्टी होती का पोट्टा?"

प्रमोद खाली बघत राहिला.

"पोट्टी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी इथे लिहू शकत नाही. मग तिने दोन्ही तळवे त्या मातीवर ठेवले. रडली नाही. कागद न घेताच आम्ही परतलो.

आता ती अकोल्यातच राहते, पण माझ्या घरी नाही. दोन गल्ल्या सोडून खोली केलीय, मशीन तिथेच हलवलंय. सासरी गेली नाही, जाणारही नाही. मधूनमधून झटका येतो, वर्षभरात तीनदा आला, आता कुठेही येतो. शेजारणींना तिने स्वतः सांगून ठेवलंय की घाबरायचं नाही, बाजूला बसायचं.

मी माझ्या परीने उत्तर शोधलं. त्या दिवशी विहिरीवरून तिला जागेचा अंदाज आला असेल, मान्य. प्रमोद ती जागा टाळत असेल आणि तिच्या नकळत ते तिला जाणवलं असेल, तेही मान्य. पण पहिल्या दिवशी? चार महिन्यांनी ती पहिल्यांदा बागेत आली तेव्हा तिथे ना खूण होती, ना कुणी बोललं होतं. डॉक्टरीण बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "झटके का येतात, ते मी थोडंफार सांगू शकते. त्याच जागी का, ते मला नाही माहीत."

शेवटी मागच्या महिन्यात मी वनितालाच विचारलं. ती ब्लाउजला हूक लावत होती.

"तुले कसं समजलं गं, तिथंच म्हणून?"

"मले काय मालूम," ती म्हणाली. दोरा तोडला. मग माझ्याकडे न बघता – "मले तं मालूमच नोतं, दादा. तुमाले सगळ्यायले मालूम होतं. तुमी काहून नाई सांगतलं?"

मी तिथून उठून आलो.