वळचणीच्या फळ्या

लेकीला गांधीलमाशी चावली तेव्हा ती पाच वर्षांची होती. सणसरच्या आमच्या घराच्या ओट्यावर भातुकली मांडून बसली होती. डंख मानेवर बसला. मी चुना लावला आणि तिला कडेवर घेतलं. ती रडायची थांबली खरी, पण ओठ सुजायला लागले आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. शेजाऱ्यांनी जीप काढली. बारामती येईपर्यंत मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. छाती हलली की पुढच्या हलण्याची वाट बघायची, एवढंच मला त्या रस्त्याचं आठवतं.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला. निघताना डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी उशीर करू नका. पुन्हा चावली तर याहून जास्त होऊ शकतं."

ते 'पुन्हा' माझ्याबरोबर घरी आलं.

घर जुनं, कौलारू, आम्ही विकत घेतलेलं. भिंतीबाहेर आलेल्या वळचणीला खालून फळ्यांची तक्तपोशी होती. फळ्या कुजल्या होत्या, काही लोंबत होत्या. इतके दिवस मी त्याकडे बघितलंही नव्हतं. आता बघितलं तर एका फटीतून पिवळ्या गांधीलमाश्या आत-बाहेर करत होत्या, आणि ती फट बरोबर लेकीच्या खेळायच्या जागेच्या वर होती.

मी गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. लेकीला शाळेत बरोबर न्यायचे, घरी आल्यावर दारं-खिडक्या लावून घ्यायचे. उन्हाळ्यात आम्ही तिघं बंद घरात घामाघूम बसायचो. माझे यजमान लोणी देवकरच्या कारखान्यात होते. त्यांनी वडगाव निंबाळकरहून एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्यांना सगळे चाचा म्हणायचे.

काम सुरू झालं त्या दिवशी मी लेकीला घेऊन शेजारच्या घरात बसले. चाचांनी आधी शेणीचा धूर केला, मग फळ्या उतरवल्या. दुपारी त्यांनी मला बोलावून दाखवलं. आत एक नव्हे, तीन पोळी होती. सर्वांत मोठं परातीएवढं होतं. महिनोन् महिने त्याच्याखाली लेक बाहुलीला जेवू घालत होती. मी ओट्याच्या कडेलाच बसले.

आता नवीन काय लावायचं यावरून घरात दोन मतं झाली. यजमानांना सिमेंटची शीट हवी होती. वाळवी लागत नाही, कुजत नाही, एकदा मारली की काळजी मिटली. मलाही ते पटलं. मला फक्त बंद हवं होतं, कुठूनही काही शिरणार नाही असं. पण चाचांनी नमुन्याच्या तुकड्यात खिळा ठोकला आणि तुकडा कडेपर्यंत तडकला. त्या चिरेकडे मी बघत राहिले. पत्र्याचं विचारलं, तर तो उन्हानं तापून सांध्यातून उचलला जातो म्हणाले. शेवटी त्यांनी सागाच्या फळ्या सुचवल्या, आणि मधे हवेसाठी जाळीची पट्टी.

"जाळी नको," मी म्हणाले. "भोक म्हणून ठेवायचं नाही."

चाचांनी उतरवलेली एक फळी माझ्यासमोर धरली. वरून चांगली दिसत होती, पण मागून ओलसर, काळी पडलेली. "बाई, हवा कोंडली म्हणून ही गेली. समदं बंद केलं तर नवी बी अशीच सडंल. सडली की भोक पडंल, आन् ते तुमाला खालनं दिसायचं न्हाय. जाळीचं भोक निदान आपल्या मापाचं आसंल."

दुसऱ्या दिवशी मी मेलेली एक गांधीलमाशी काडेपेटीत घातली आणि बारामतीला गेले. हार्डवेअरच्या दुकानात जाळ्या काढायला लावल्या आणि एकेकीवर ती माशी ठेवून बघायला लागले. दुकानदार आधी हसला, मग माझा चेहरा बघून स्वतःच एकेक जाळी उलगडून धरायला लागला. नायलॉनची जाळी मी बोटानं ताणली, ती फाकली. मग त्यानं आतून जस्ताची बारीक, ताठ जाळी आणली. तिच्यातून माशीचा पायसुद्धा जात नव्हता.

तिथून वखारीत गेले. नवं लाकूड ओलं होतं. वाळताना आकसेल आणि फटी पडतील, असं चाचांनी सांगून ठेवलं होतं. कुठल्याशा पाडलेल्या इमारतीचे सागवानी तक्ते एका बाजूला रचले होते. मी वखारवाल्याला एकेक तक्ता उभा करायला लावला आणि उन्हाच्या बाजूनं बघितला. जुन्या खिळ्यांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके येत होते. तरी लाकूड पुरतं वाळलेलं होतं, म्हणून तेच तक्ते घेतले. चाचांनी प्रत्येक भोक भुसा आणि सरसानं बुजवलं आणि मी प्रत्येकावर नख फिरवून खात्री केली. त्यांनी एकदाही घाई केली नाही. त्यांची एक नात दम्यानं आजारी असायची, हे मला काम संपल्यावर कळलं.

तक्तपोशी झाली, तरी मी लेकीला महिनाभर ओट्यावर जाऊ दिलं नाही. एका रविवारी सकाळी यजमानांनीच तिची भातुकली बाहेर नेऊन ठेवली. मी वह्या तपासायच्या निमित्तानं शेजारी बसले. थोड्या वेळानं एक गांधीलमाशी आली. जाळीवर बसली, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. मी लेकीवर पदर धरला होता. माशी दोनदा जाळीवर आपटली आणि चिंचेच्या झाडाकडे निघून गेली.

लेकीनं पदर बाजूला केला. "आई, तू आत जा ना," ती म्हणाली. "मला नीट खेळता येत नाही."

मी उठले आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिले. वह्या बाहेरच राहिल्या.