मोटरसायकलीचं पथ्य

काल दवाखान्यात ह्यांच्या पायाला प्लास्टर घालून डॉक्टर म्हणाले, "या पायावर वजन टाकायचं नाही," आणि मला एकदम ओल्या बांबूचा वास आला.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ह्यांच्या जुन्या मोटरसायकलवरून आम्ही वडशाला नाटक बघायला निघालो होतो. वाटेत जंगलातल्या एका गावाशी, सीट फ्रेमला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी कडकन मोडली. गावात वीजच नव्हती, तर वेल्डिंग कुठलं! मोडलेलं सांधणारी एकच होती, हाडं बसवणारी म्हातारी. तिनं पट्टी चाचपली, दोन्ही बाजूंनी हिरव्या बांबूच्या कामट्या लावल्या आणि चिंध्यांनी करकचून बांधल्या.

"पंधरा दिवस इच्यावर बसू नोका. हातानं चालवत न्या."

"बाई, लोखंड हाये हे!" हे म्हणाले.

"मंग मोडलं काऊन?"

ह्यांनी निमूट मान डोलावली. म्हातारी अंगणात उभी राहून बघत होती, म्हणून आम्ही वळणापर्यंत गाडी ढकलत नेली. वळण ओलांडताच ह्यांनी टांग टाकली. नाटक वेळेवर गाठलं.

कालही डॉक्टरांपुढे ह्यांनी तशीच निमूट मान डोलावली. मी मात्र ह्यांची नजर बघत होते. ती वळण शोधत होती.