कंप्रेसर आणि खिशातला कांदा

कंप्रेसर गेला हे आधी मला कळलं. माझा नवरा ह्यूस्टनमध्ये रिफायनऱ्यांचे खोलीएवढे कंप्रेसर तपासायचा, पण आमच्या गाडीतला नारळाएवढा कंप्रेसर किंचाळला तेव्हा तो म्हणाला, "बाजूच्या ट्रकचा आवाज आहे." मग जळक्या रबराचा वास आत आला. बाजूच्या ट्रकचा वास आपल्याकडे इतक्या प्रेमाने येत नाही, असं मी म्हटलं. त्याने मुकाट्याने एसी बंद केला आणि किंचाळणं थांबलं.

२००५ चा सप्टेंबर होता. समुद्रावरून मोठं वादळ येतंय म्हणून अख्खं ह्यूस्टन एकदम बाहेर पडलं होतं, आणि शेजारच्या शुगर लँडहून आम्ही तिघं: मी, नवरा आणि नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेले माझे सासरे. ऑस्टिनला मैत्रिणीच्या घरी पोचायचं होतं. एरवी सकाळी निघालं की जेवायला तिथे. आज दुपार झाली तरी शहराची हद्द संपली नव्हती. गाड्या जरा सरकायच्या आणि पुन्हा थांबायच्या. ऊन शंभर फॅरनहाइटच्या घरात, आणि हवा अशी दमट की घाम वाळतच नव्हता. सासरे सत्तरी ओलांडलेले. त्यांची ब्लडप्रेशरची गोळी शरीरातलं पाणी काढून टाकणारी. त्यांना गारव्यात ठेवा आणि पाणी पाजत राहा, असं त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं. त्यातला गारवा आता गेला होता.

नवऱ्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. मीही उतरले. कंप्रेसरच्या तोंडावर एक चकती असते, इंजिन बंद असताना ती हाताने फिरायला हवी. त्याने रुमाल गुंडाळून फिरवून पाहिली. हलली नाही. पाना लावून जोर केला तरी जागची ढिम्म हलेना.

"सीझ झालाय," तो म्हणाला. "आतून जाम."

"मग एसी नाही. एवढंच ना?"

"एवढंच नाही. हा ज्या बेल्टवर फिरतो त्याच बेल्टवर बॅटरीचं चार्जिंग आहे, वॉटर पंप आहे. एसी ऑफ असला की ही पुली नुसती मोकळी फिरते. पण तिचं बेअरिंग पण तापलंय. ते अडकलं आणि बेल्ट तुटला तर गाडी इथेच."

"किती वेळ टिकेल?"

"माहीत नाही."

त्याने कंप्रेसरची वायर काढून ठेवली, म्हणजे चुकून कुणी बटण दाबलं तरी तो पुन्हा बेल्टला पकडणार नव्हता. रस्त्याच्या कडेला करता येण्यासारखी दुरुस्ती तेवढीच होती. 'माहीत नाही' हे त्याचं वाक्य मी लग्नानंतर फार वेळा ऐकलेलं नव्हतं. 

आता खरं सांगायचं तर हा आजार आजचा नव्हता. आमच्याकडे, म्हणजे पुण्यात काय नि नागपुरात काय, फ्रिज असो की एसी, गार होईना झाला की माणूस येतो, 'गॅस भरावा लागेल' म्हणतो, भरतो आणि जातो. पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस, तेच वाक्य. गॅस जातो कुठे, हे त्याला कुणी विचारत नाही. माझ्या नवऱ्याने हाच संस्कार टेक्सासात आणला होता. दर उन्हाळ्यात तो दुकानातून गॅसचा डबा आणायचा, ड्राइव्ह-वेमध्ये उभा राहून नळी लावायचा आणि गाडीतल्या एसीच्या जाळीपुढे हात धरून समाधानाने मान डोलवायचा. ऑफिसात एखाद्या कंप्रेसरमधून एवढीशी गळती निघाली तर तो पानंच्या पानं रिपोर्ट लिहायचा. गेल्या उन्हाळ्यात मी म्हटलं होतं, एकदा गॅरेजमध्ये दाखव. "प्रेशर लो होतं, टॉप-अप केलं, कूलिंग आलं. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड," असं उत्तर मिळालं. रस्त्याच्या कडेला मी याची आठवण करून दिली नाही. त्याचं तोंड आधीच उतरलं होतं.

काचा खाली करून आम्ही पुन्हा रांगेत घुसलो. एसी बंद पडल्याचं सर्वांत कमी दुःख सासऱ्यांना झालं होतं. ते पुढच्या सीटवर ताठ बसले होते. शर्टाच्या खिशात एक कांदा, कारण उन्हात निघताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा नागपूरचा नियम त्यांनी शुगर लँडलाही लागू केला होता.

"तू काहून एवढा घाबरून राहिला?" ते मुलाला म्हणाले. "हे काय ऊन आहे? एवढं तर आमच्याकडे मार्चमध्ये असते."

"बाबा, पाणी प्या," नवरा म्हणाला.

"पितो ना."

थोड्या वेळाने मी मागून म्हटलं, "बाबा, पाणी घेताय ना?"

"हो बेटा, घेऊन राहिलो."

गाड्या तशाच. पुढे कुणाची तरी गाडी बंद पडलेली, तिला कडेला ढकलायला माणसं उतरलेली. लोक पेट्रोल वाचवायला इंजिनं बंद करून बसले होते. आम्ही पुलीच्या भीतीने तेच करत होतो. प्रत्येक वेळी इंजिन सुरू केलं की खरखर यायची आणि आम्ही दोघं श्वास धरून ऐकायचो. माझं सगळं लक्ष त्या खरखरीवर. त्यामुळे पुढच्या सीटवरचं बोलणं कधी थांबलं ते मला कळलं नाही.

मग सासऱ्यांनी मला हाक मारली, पण माझ्या नणंदेच्या नावाने. म्हणाले, स्टेशन आलं का बघ.

मी वाकून त्यांच्या कपाळाला हात लावला. इतका वेळ घामाने निथळणारं कपाळ कोरडं आणि तापलेलं होतं. पायाशी पाण्याची बाटली होती. उचलून पाहिली तर झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. सकाळच्या चहानंतर या माणसाने घोटभर पाणी प्यायलेलं नव्हतं.

"बाबा, हे काय? का नाही प्यालात?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर रस्त्याच्या उतारावर लोक उभे होते, पाठमोरे, एकमेकांपासून जरा अंतर ठेवून. सकाळपासून तेच चाललं होतं. कुठे टॉयलेट नाही, पेट्रोलपंप बंद. आणि मला एकदम उमगलं. पाणी प्यायलं की जावं लागणार, जायचं तर मुलाला सांगावं लागणार, आणि मागच्या सीटवर सून बसलेली. सुनेसमोर हे सांगण्यापेक्षा त्यांनी पाणीच सोडलं होतं. मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. कुणाचा, ते तेव्हा ठरवायला वेळ नव्हता.

"गाडी कडेला घे," मी नवऱ्याला म्हटलं.

"बंद केली आणि परत सुरू नाही झाली तर?"

"घे."

डिकीतून डबल बेडची चादर काढली. उजव्या अंगाची दोन्ही दारं उघडली, चादरीची टोकं दारांच्या वरच्या कडांवर टाकली आणि काचा वर करून अडकवली. नवऱ्याने बाबांना हाताला धरून उतरवलं. मी मागच्या दाराच्या अलीकडे, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. समोर दिसेल तिथपर्यंत गाड्याच गाड्या.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "मी रस्त्याकडे बघतेय. अर्धं ह्यूस्टन हेच करतंय. तुम्ही उरकून घ्या, मग आपण पाणी पिऊ."

बराच वेळ काहीच झालं नाही. मी नुसती उभी. आपण या माणसाचा उरलासुरला मान रस्त्यावर मांडला का, असं वाटायला लागलं. मग चादरीमागून अगदी थोडा आवाज आला आणि मी डोळे मिटले.

त्यांना परत सीटवर बसवलं, चादर पाण्यात भिजवून अंगावर टाकली. कोमट पाण्यात मीठ-साखर ढवळून घोट घोट पाजलं. खिशातला कांदा काढला तर तो हाताला चटका बसेल इतका तापला होता. पण गाडी उभी, वारा नाही, आणि चादर पाहता पाहता तापायला लागली.

"आपण परत जाऊ या," मी म्हटलं.

"वादळाकडे?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"पलीकडचा रस्ता रिकामा आहे. गाडी पळाली तर निदान वारा लागेल. वादळ उद्या आहे, बाबा आज आहेत."

  मग त्याने चावी फिरवली. खरखर आली, पण इंजिन सुरू झालं. कडेकडेने जात पुढच्या पुलाखालून वळून आम्ही उलट्या रस्त्याला लागलो. तिथे आमच्याशिवाय जवळजवळ कुणी नव्हतं. चारही काचा खाली, ओली चादर फडफडतेय आणि समोर दक्षिणेकडचं आभाळ. बेल्ट टिकू दे, एवढंच मी पुटपुटत होते. शुगर लँडच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा बाबा मला माझ्या नावाने म्हणाले, "बेटा, अजून पाणी आहे का?"

वादळ ऐनवेळी पूर्वेकडे वळलं. आमच्या अंगणात चार फांद्या पडल्या, एवढंच.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याने गाडी गॅरेजमध्ये नेऊन उरलेला गॅस रीतसर काढून घेतला आणि कंप्रेसर घरी स्वतः खोलला. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, हातात पाण्याचा तांब्या. आतून चांदीच्या वर्खासारखा धातूचा चुरा निघाला. तेलाचा टिपूस नव्हता.

"तेल कुठे गेलं?" बाबांनी विचारलं.

"गॅसबरोबर. लीक होतं तिथून थोडं थोडं तेलही जायचं. मी दर वर्षी गॅस भरला, तेल कधी बघितलंच नाही."

"थंड येत होतं ना. मग कोण बघते," बाबा म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावला. नवऱ्याने नवा कंप्रेसर बसवला. चुरा सगळ्या नळ्यांत गेला होता, म्हणून नळ्या धुतल्या, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर बदलला. तेल मोजून घातलं, आणि या वेळी गॅस भरायच्या आधी गॅरेजकडून गळती तपासून घेतली. मी चहा नेऊन दिला आणि टोमणा एकही मारला नाही.

ऑक्टोबरात बाबा परत निघाले. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून एअरपोर्टला मीच सोडायला गेले. गाडीत छान गार होतं. बाबा पुढे बसले होते आणि निघताना दिलेली पाण्याची बाटली त्यांनी अर्ध्या रस्त्यात संपवली होती. ट्रॅफिक होतं. ते थोडे चुळबुळले, खिडकीबाहेर पाहिलं, घसा खाकरला. मी रेडिओ बंद केला.

"बेटा," ते म्हणाले, "जरा कुठे थांबवतेस का? मला जाऊन यायचं आहे."

मी लगेच इंडिकेटर दिला आणि पुढच्याच एक्झिटला गाडी बाहेर घेतली.