मोठी मायचं ठिपक्यांचं कापड

मोठी मायच्या डब्यात जंतू सापडले होते.

रिपोर्टवर सही माझी होती.

मोठी माय म्हणजे माझी मोठी काकू. काका सुरतेच्या पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये, आणि ती घरातून मिलवाल्यांचे डबे करायची. रोज भाजी-चपाती. रविवारी चिकन, आपला काळा मसाला घालून, वर मूठभर कोथिंबीर.

त्या रविवारच्या डब्यावर तिचं नाव चालायचं. गल्लीत तिला आडनावाने कुणी ओळखत नव्हतं, त्या डब्यावरूनच ओळखायचे.

मी तेव्हा मायक्रोबायोलॉजी करून एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर होते. दुकानातल्या कोंबडीवरचा जंतू ताटापर्यंत कसा पोचतो, हे शोधायचं होतं. दुकानांचे सॅम्पल मिळाले. स्वयंपाकघरात मात्र कुणी घेईना. कोण स्वतःहून म्हणेल, या आणि माझ्या घरातली घाण मोजा?

मोठी माय आपल्या अहिराणीत म्हणाली, "मन्हा घर ये. मन्हा ओटा दख, आरसा शे आरसा!"

खोटं नव्हतं. तिच्या स्वच्छतेने आम्ही सगळे हैराण होतो. चपलेचा आवाज आला की आतून ओरडायची, "पाय धुईसन ये!"

चिकन तर ती मोरीतल्या नळाखाली, पूर्ण नळ सोडून, खळखळून धुवायची. बाजूच्या कट्ट्यावर ओल्या फडक्यात कोथिंबिरीची जुडी. सुरतेच्या उकाड्यात दुसरीकडे ठेवली तर दुपारपर्यंत मान टाकते.

मी सगळीकडून स्वॅब घेतले. कच्चं चिकन, विळी, नळ, रस्सा, कोथिंबीर.

रस्सा एकदम क्लीन.

कोथिंबिरीत साल्मोनेला. कच्च्या चिकनवर होता तोच. कोंबडीच्या पोटात राहतो, कोंबडी आजारी दिसतही नाही. माणसाला मात्र जुलाब, ताप, कधी थेट ॲडमिट.

तेव्हा व्हॉट्सॲपवर बर्ड फ्लूचे फॉरवर्ड फिरत होते. चिकनचे डबे आधीच कमी झाले होते. त्यात हे बाहेर गेलं असतं तर मोठी मायचा धंदा बसला असता. धंद्याचं सोडा, नाव गेलं असतं.

प्रोजेक्टचे सर म्हणाले, रिपोर्टमध्ये कुणाचंच नाव नाही, फक्त कोड आहे. पण ज्याच्या घरात सापडलं त्याला सांगायलाच हवं.

सांगायला मीच गेले.

"खदखदता रस्सामा कसा जगस तो?" तिने विचारलं.

"रश्श्यात नाही, मोठी माय. वरून घालतेस त्या कोथिंबिरीत."

"कोथमीरमा कथाईन उना?"

"तू चिकन धुतेस ना, त्याच्या शिंतोड्यातून."

"मी धुस म्हनीसन?"

एवढंच बोलली आणि कणीक मळत बसली. मला चहा विचारला नाही. आमच्या घरात याला भांडण म्हणतात.

पुढच्या रविवारी मी काकांकडून मिलमधल्या कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तुकडा घेतला. रंगायला जायच्या आधीचं कापड. ते मोरीभोवती आणि कट्ट्यावर पसरलं. चिकनला जिलेबीचा लाल रंग चोळला आणि तिला म्हटलं, आता रोजच्यासारखं धू.

ती धुवायला लागली. जिद्दीने, नेहमीपेक्षा जोरात.

नळ बंद झाला तेव्हा कापडभर लाल ठिपके होते. कोथिंबिरीच्या जागी. पेल्यांच्या जागी. चपात्यांचा डबा ठेवते तिथे. तिच्या निऱ्यांवरही.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. जिचा सगळा अभिमान तो ओटा होता, तिला मी तोच दाखवत होते.

ती खाली बसली. कापडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुन्हा सर काय सांगतस आते?"

सरांचं म्हणणं, चिकन धुवूच नका, नीट शिजवा. हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. न धुता शिजवणं म्हणजे तिच्या लेखी पापच. मग तडजोड झाली. कोथिंबीर आधी चिरायची, झाकण लावून आतल्या खोलीत ठेवायची. चिकन खोल पातेल्यात बुडवून हळूच, नळ बंद. नंतर मोरी, कट्टा, हात साबणाने. परत सॅम्पल घेतले, कोथिंबीर क्लीन आली.

इथे विषय संपला होता. कुणालाच काही कळलं नसतं.

पण डबे घ्यायला मिलवाले दारात जमले, तेव्हा ती ते कापड घेऊन बाहेर आली.

"मन्हा डबामा जंतू निंघेल व्हतात. आते नही. ज्याले खानं व्हई, त्यानी खावं."

मी आत उभी होते.

काही जण त्याच दिवशी तुटले ते परत आले नाहीत. एक ओडिशाचा कारागीर म्हणाला, "मौसी, संडे का डब्बा चालू रखो. बाकी तुम जानो." तसे बरेच राहिले.

कापड तिने मोरीवर खिळ्याला टांगलं. गल्लीतली कुणी बाई आली की आधी ते दाखवायची, मग पाणी विचारायची.

जिलेबीचा रंग टिकतो किती? ठिपके उडायला लागले. तेव्हा गल्लीतल्या बायका घरी साड्यांना लावतात त्यातल्या उरलेल्या लाल टिकल्या तिने एकेका ठिपक्यावर चिकटवल्या. मी हसले तर म्हणाली, "जंतू काय दखातस का? ह्या तरी दखाऊ दे."

आज तिला जाऊन वर्ष झालं. हार्ट अटॅक.

तेराव्यानंतर तिच्या साड्या वाटत होतो. शेजारच्या सुशीलामावशींनी डबे पुढे चालवायला घेतले होते. त्या म्हणाल्या, "साडी नको गं मला. ते कापड दे."

खरं सांगते, द्यायचं जिवावर आलं होतं. पण माझ्या कपाटात ते काय करणार?

आज सकाळी त्यांच्याकडे गेले. कापड मोरीवर आहे. कोथिंबीर आतल्या खोलीत, झाकणाखाली. कापडाच्या एका कोपऱ्यात टिकल्या गळल्या होत्या, तिथे मावशींनी नव्या लावल्यात. हिरव्या. लाल मिळाल्या नाहीत म्हणे.

मोठी माय, तुझं कापड कामावर आहे.

तू आता आराम कर. तुझ्या पोरीचा नमस्कार.