सरदाराच्या बायकोची भाकरी

त्या सिनेमाचं नाव कुणी काढलं की अजून माझं डोकं सणकतं. लोक समजतात मास्तरांना मान मिळाला नाही म्हणून राग आहे. मान घाला चुलीत! राग आहे तो एका अर्ध्या पानाचा, आणि तो निम्मा माझ्यावरच आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी रहिमतपूरला शाळेत मराठी शिकवत होतो. गॅदरिंगची नाटकं मीच लिहून बसवायचो, त्यामुळे 'मास्तर लिहितात' असा पंचक्रोशीत उगाच बोभाटा झाला होता. एक दिवस इस्लामपूरकडचे एक ऊसवाले बागाईतदार जीप घेऊन शाळेच्या दारात हजर. सगळे त्यांना मालक म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो.

"मास्तर, आपुन पिच्चर काढायचा," मालक म्हणाले. "ऐतिहासिक. किल्ला, घोडी, तलवारी, समदं हाय. तुमी फकस्त लिवायचं."

मी तिथल्या तिथं हो म्हणालो. शहाण्या माणसानं दोन दिवस मागून घेतले असते. पण माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं एक प्रसंग बसला होता आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळत नव्हती.

माझे वडील पलटणीत होते. मोठ्या लढाईत ते इटलीकडं गेले आणि तिकडंच राहिले. तार आली तेव्हा मी सहा वर्षांचा, आईजवळ चुलीपुढं बसलेलो. तारवाला रहिमतपुरातून आमच्या वाडीपर्यंत चालत आला होता. दारातच उभं राहून त्यानं तार वाचली. आई काही बोलली नाही. परातीत तीन भाकरींचं पीठ भिजवलेलं होतं. तिनं तिन्ही भाकरी थापल्या, भाजल्या. शेवटची भाकरी, वर चटणी आणि कांदा, असं त्या तारवाल्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "लांबनं आलायसा, खाऊन जावा." तो बिचारा खाली मान घालून जेवला. पुढं रडारड झाली असेल, बायका जमल्या असतील, मला आठवत नाही. मला तीन भाकरी आठवतात.

आई त्या दिवसाबद्दल जन्मात बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही. आमच्याकडं आई-लेकात असलं काही बोलायची रीतच नाही. म्हणून मी ठरवलं की हे सिनेमात घालायचं. आई पडद्यावर बघेल आणि तिला कळेल की तिचं पोरगं चुलीपुढं नुसतं बसलं नव्हतं, त्यानं सगळं पाहिलं होतं. बाकी किल्ला, घोडी, तलवारी हा सगळा तो अर्ध्या पानाचा प्रसंग वाहून न्यायचा गाडा.

गोष्ट मी साधी रचली होती. डोंगरातला एक लहान किल्ला. एक सरदार फितूर होतो, किल्ला पडतो, इमानी सरदार लढाईत मरतो आणि सांगावा त्याच्या बायकोकडं येतो. मालकांना गोष्ट पसंत पडली. मग घोडी गोळा करायची वेळ आली आणि इथंच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

घोडी भाड्यानं कोण आणणार? मालकांनी सोयऱ्याधायऱ्यांकडून, ओळखीपाळखीच्या बागाईतदारांकडून अकरा घोडी मागून आणली. पण ज्याचं घोडं, तोच वर बसणार! आणि बसल्यावर गप्प कसा राहील? पाव्हण्याचा मान म्हणून प्रत्येकाला वाक्य द्यायचं ठरलं. मी म्हटलं, "मालक, अकरा सरदारांनी बोलायचं काय?" मालक म्हणाले, "मला काय इचारताय? लिवणारं तुमी."

लिहिलं. सरदार म्हणतो, मी निघालो. मग एकेक जण छाती काढून सांगतो, "मीही येतो." अकरा वेळा! मध्ये खलबत घातलं, तर त्यात प्रत्येक जण दुसऱ्याला त्याला आधीच ठाऊक असलेलं सांगतोय. "आपण जाणताच, की किल्ल्याला दोन दरवाजे आहेत." अहो, त्याच किल्ल्यात राहतायत, जाणणार नाहीत तर काय!

फितुराचं काम घ्यायला कुणी तयार होईना. कुणालाही विचारा, एकच उत्तर, "मास्तर, भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? नातवंडांला लोक फितुराची म्हंतील." मी समजावलं की हे सोंग आहे. ते म्हणाले, "सोंग बी कुणाचं आणावं ह्याला काय रीत हाय का न्हाई?" शेवटी फितूरच काढून टाकला. मग किल्ला पडला कशानं? ते सिनेमा संपला तरी कुणाला कळलं नाही.

मरायलाही कुणी तयार नाही. एकाच्या पोराचं लग्न ठरलेलं, घरात अपशकुन नको. दुसरा म्हणाला, "माझ्या घोडीनं आजवर मला पाडलं न्हाई, आन् आता पिच्चरमधी पाडंल व्हय?" मी म्हटलं, शत्रूचे तरी मारू. शत्रूची माणसं मलकापूरहून आणली होती. ती तालमीतली पोरं. म्हणाली, "त्यांच्यातलं कोण पडंना, मग आमीच का पडावं?" झालं! लढाई अशी झाली की दोन्हीकडची माणसं आली, तलवारी खणखणल्या, धुरळा उडाला आणि सूर्य मावळला. रणात मुडदा औषधालाही नाही.

मेला तो एकटा सरदार. ते काम करायला सांगलीचा एक नाटकवाला नट आला होता. तो मरायला तयार होता, पण मरताना दीड पान बोलल्याशिवाय मरणार नाही म्हणाला. तेही लिहून दिलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, तसं चाललं होतं. पण मी मनाची समजूत घालायचो. बाकीचं सगळं जाऊ दे मसणात, आपलं अर्धं पान शाबूत आहे.

त्या अर्ध्या पानाचा दिवस उजाडला. मी स्वतः चूल मांडून ठेवली होती, तवा ठेवला होता, परात आईचीच आणली होती. आईला म्हटलं, शाळेच्या कामाला पाहिजे. मालकांनी चूल बघितली आणि कपाळाला आठी.

"मास्तर, सरदाराची बायकू भाकरी थापती व्हय?"

"लहान किल्ला आहे, मालक. थापत असेल की."

"आवं, थापंल. पर शालू भाड्यानं आणलाय कोल्हापूरनं. ठिणगी उडाली म्हंजी? आन् पिठाचं हात घिऊन बसली तर लोकं म्हंतील, कामवाली दावलीया."

मी म्हटलं, "मग शालू नका नेसवू." माझ्याकडं सगळे असे बघायला लागले, जणू मी बायकोचं काम करणाऱ्या बाईला उघडी करा म्हणालो होतो. मालक म्हणाले, "शालू न्हाई, नथ न्हाई, मग ऐतिहासिक कशाला म्हणायचं?"

चूल उचलली. बाईला उंच लाकडी आसनावर बसवलं. मी चडफडत उभा. तेवढ्यात मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, आन् ही बोलत का न्हाई? नवरा मेला तिचा. मुकी हाय का? लोकं समजत्याल आवाजाची मशीन बिघडली. लिवा की काय तरी झणझणीत."

इथं मी काय करायला हवं होतं? कागद फाडून, आईची परात काखेत मारून कराडची एस.टी. धरायला हवी होती. पण मी बसलो एका दगडावर आणि लिहायला लागलो. आणि आग लागो त्या लेखणीला, लिहिताना मला चढत गेलं! कुंकू काय, चितेच्या ज्वाळा काय, रणचंडी काय! तीन पानं झाली. बाईनं ती पाठ करून धडाधडा म्हटली, अकराही घोडेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी "वा मास्तर!" म्हणून पाठीत थाप मारली. आणि मी लाजलो. सुखानं लाजलो. तेवढं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सिनेमा सांगलीला लागला, तेव्हा आई म्हणाली, "मला ने की रं." मी आठ दिवस टाळलं. मग एका रविवारी कराडवरून तिला घेऊन गेलो. तीनचा खेळ. थेटर अर्धं रिकामं. अकरा 'मीही येतो' आले, तेव्हा मागं पोरं त्यांच्याबरोबर ओरडायला लागली. लढाईत कुणीतरी शिट्टी मारली. आई मात्र पदर सावरून एकटक बघत होती. सांगाव्याचा प्रसंग आला. शालूतली बाई उठली आणि बोलायला लागली. तीन पानं. माझं एकेक वाक्य मला काट्यासारखं टोचत होतं. आईचं तोंड बघायची माझी छाती झाली नाही.

खेळ सुटल्यावर आम्ही स्टँडवर येऊन बसलो. मी तिला चहा आणून दिला. अर्धा चहा झाल्यावर तिनं विचारलं, "ह्ये समदं तूच लिवलंस?"

"व्हय."

"ब्येस हाय." मग तिनं चहाचा एक घोट घेतला. "ती बाई लय बोलली रं. मानूस गेल्यावं एवढं बोलाय येतं व्हय?"

मी कराडच्या गाडीची पाटी शोधायला लागलो.

"आन् सांगावा आणल्याला मानूस तसाच उपाशी गेला की. लांबनं आल्याला. त्याला खा म्हनाली न्हाई, पानी सुदीक दिलं न्हाई." तिनं कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. "तुला तरी कसं ठावं आसनार म्हना. ल्हान व्हतास तवा तू."

तोंडाशी आलं होतं माझ्या. तीन भाकरी, चटणी, कांदा. सगळं आलं होतं.

"व्हय," म्हटलं. तेवढ्यात कराडची गाडी लागली आणि मी जागा धरायला पुढं पळालो.